लॉनवर चपला नकोत

आमच्या गच्चीवर जे हिरवं अंथरलेलं आहे ते गवत नाही, हे मी आल्यागेल्याला आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक "वा, काय मेन्टेन केलंय" म्हणतात, मग वाकून हात लावतात आणि त्यांचा चेहरा पडतो. तो पडलेला चेहरा बघायचा मला कंटाळा आलाय. प्लॅस्टिकचं आहे, पण मेन्टेन केलंय हे मात्र खरं. आधी ह्यांनी केलं, आता मी करते.

हे म्हणजे माझा नवरा. ह्यांची सगळी नोकरी इंदुरात झाली आणि शेवटची बरीच वर्षं आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये होतो. समोर खरंखुरं लॉन होतं. हे रोज सकाळी त्या दवात अनवाणी चालायचे. त्याने चष्म्याचा नंबर उतरतो असं ह्यांच्या वडिलांनी कधीतरी सांगितलं होतं. नंबर काही उतरला नाही, वर शुगर तेवढी चढली, पण चालणं सुटलं नाही. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही स्नेहलतागंजात ह्या बिल्डिंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आलो. फ्लॅटला लागून मोकळी गच्ची आहे म्हणूनच हा घेतला. पहिले काही महिने हे सकाळी गच्चीवर चकरा मारायचे आणि आत येऊन म्हणायचे, "पायाला काही लागतच नाही गं." मला वाटलं, गवताची आठवण येतेय.

म्हणून मग हे प्लॅस्टिकचं गवत आलं. दुकानवाला सतरंजीसारख्या गुंडाळ्या घेऊन आला, कापून, चिकटवून, वर बारीक वाळू पसरून दुपारपर्यंत मोकळा झाला. जाताना मला म्हणाला, "आंटीजी, लगाओ और भूल जाओ. ना पानी, ना खाद, ना माली." विसरून जाणं हे आमच्या ह्यांच्या स्वभावात कुठे बसतं! ज्या माणसाने ऑफिसातल्या टेबलावरची पेनं आयुष्यभर एका रेषेत ठेवली, त्याच्या ताब्यात गच्चीभर गवत आलं.

मला आधी वाटायचं, प्लॅस्टिकला काय करायचं असतं? पुष्कळ करायचं असतं. पाती चालून चालून एका अंगाला झोपतात, त्यांना उलट्या दिशेने ब्रश मारून उभं करावं लागतं. ब्रश नायलॉनचा हवा, तारेचा नको. वाळू एका कोपऱ्यात गोळा होते, ती परत सगळीकडे सारखी करायची. कबुतरांची घाण वाळली की आधी पाण्याने भिजवायची, मग व्हिनेगरच्या पाण्याने पुसायची. शेजारच्या आवारातला कडुलिंब आमच्यापेक्षा उंच आहे, तो वर्षभर काही ना काही टाकत असतो. आधी पानं, मग मोहोर, मग लिंबोळ्या. हे पाट घेऊन बसायचे आणि एकेक पान वेचायचे. त्यातही इंदूरकर. पानं गील्या कचऱ्यात आणि गवताचे तुटलेले धागे सुक्यात. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली की हे दोन डबे घेऊन खाली, आणि लिंबाच्या पानाला प्लॅस्टिकची एक काडी जरी चिकटली असली तरी गाडीपाशी उभं राहून सोडवणार. गाडीवाला म्हणायचा, "अंकल, डाल दो, चलेगा." ह्यांचं नाही चालायचं.

रविवारी पोहे आणि जिलबी बाहेरून यायची. क्वार्टरमध्ये आम्ही ती लॉनवर बसून खायचो, म्हणून इथेही एकदा बसलो. पोह्यांवरची शेव पात्यांत सांडली आणि दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली. त्यानंतर लॉनवर खाणं बंद. जिलबीचं मात्र चालू राहिलं, कारण ती बंद केली तर ह्यांचं तोंड दिवसभर उतरायचं. ह्यांना एक वेढा मोडून द्यायचा आणि उरलेली मी संपवायची, घरात गोड दिसायला नको म्हणून. तशीच लग्नाकार्यातून आलेली मिठाई, तसेच दिवाळीचे डबे. घरात एक पेशंट पुरे होता. माझी शुगर तपासायचं कधी कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

आणि चपला. तिथूनच सगळं झालं, म्हणून ते नीट सांगते.

डॉक्टरांनी ह्यांचे तळवे एकदा दोऱ्याने टोचून बघितले होते. जाड दोरा तळव्याला टेकवायचे आणि विचारायचे, "लगा?" हे म्हणायचे, "हां जी." पण मी समोर बसले होते आणि दोरा केव्हाच काढलेला असायचा. तेव्हा कळलं की पायांची जाणीव लॉन सुटल्यामुळे किंवा सिमेंटमुळे नाही, शुगरमुळे गेली आहे. डॉक्टरांनी मऊ तळाच्या, निळ्या रंगाच्या चपला लिहून दिल्या आणि बजावलं, "घर के अंदर भी नंगे पैर नहीं." हे तसे ऐकणारे. स्वयंपाकघरात चपला, बाथरूममध्ये चपला. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी घर सोडलं असतं. पण गच्चीच्या दारात आले की हे थांबायचे, उंबऱ्यापाशी चपला काढायचे, जोडीने नीट भिंतीला लावून ठेवायचे आणि लॉनवर अनवाणी जायचे.

"अहो, डॉक्टर काय बोलले?"

"अगं, आत्ताच ब्रश मारलाय ना."

"मग?"

"मग काय? गादीवर कोणी चप्पल घालून चढतं का?"

आपल्याकडे जे स्वच्छ ठेवलंय त्याच्यापुढे चप्पल आपोआप निघते. खजरान्याच्या गणपतीला जाऊन चपला काढतो, माठाच्या कोपऱ्यात जाताना काढतो. लॉनवर पाहुणे आले की हे त्यांनाही दारातच सांगायचे, "भिया, चप्पल इधर." आणि पाहुणेही निमूट काढायचे. मी स्वतःही काढायचे. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

तो दिवस एप्रिलमधला. मी तेव्हा अजून शाळेत शिकवत होते आणि पेपर तपासायला गेले होते. सकाळपासून लू, ती उन्हाळ्याची गरम हवा, सुटली होती आणि लिंबाचा वाळका मोहोर ढीगभर आमच्या लॉनवर येऊन पडला होता. जेवण झाल्यावर हे आडवे झाले, खिडकीतून तो मोहोर दिसला, आणि झोप लागेना. मग उठले. दारात चपला काढल्या. ब्रश घेतला आणि ऐन दुपारी सगळ्या गच्चीला उलटा ब्रश मारला. मोहोर गोळा करून गील्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. हे सगळं त्यांनीच मला नंतर सांगितलं, केलेल्या कामाचा अभिमान वाटावा तसं.

प्लॅस्टिकचं गवत उन्हात किती तापतं हे खऱ्या गवतावर चाललेल्या माणसाला सांगून पटत नाही. दुपारी दोनला आमच्या लॉनवर हात टेकवला तर तव्यावर टेकवल्यासारखा मागे येतो. ह्यांचे पाय मागे आले नाहीत. त्यांना कळलंच नाही.

मी चारला घरी आले. चहा टाकला. हे हॉलमध्ये पेपर वाचत होते, मग उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले आणि परत गेले. चपला गच्चीच्या दाराशीच राहिल्या होत्या, फरशीवर ओले ठसे उमटले. मी म्हटलं, "अहो, नळी मारली तर पाय पुसून यायला काय होतं? आत्ता फरशी पुसून गेली बाई."

"पाणी कुठे मारलं मी?" हे म्हणाले.

मी फडकं घेऊन वाकले. पाणी नव्हतं ते, चिकट होतं. पिवळसर. मी ह्यांना खुर्चीत बसवलं आणि पाय वर घेतले. दोन्ही तळव्यांची कातडी फोडांनी सुटली होती आणि उजव्या अंगठ्याखालचा फोड फुटून लोंबत होता. हे माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, माझ्या चेहऱ्यावरून किती झालंय ते ठरवत होते. "दुखतंय?" मी विचारलं. "नाही ना," हे म्हणाले, आणि वर हसले.

त्या क्षणापासून मला काही वाटेनासं झालं. रिक्षा बोलावली, पिशवी भरली, चहाखालचा गॅस बंद केला, सगळं जागच्या जागी केलं. पण आत काही हललं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "मॅडम, जख्म भर गया तो ठीक. नहीं भरा, तो पैर का सोचना पड़ेगा. अभी बस पैर बचाना है." मी मान डोलवली. भाजीवाल्याने आज मेथी नाही म्हटल्यावर डोलवते तशी.

डावा पाय भरला. उजवा नाही. रोज ड्रेसिंग, रोज रिक्षा, रोज तो वास. मी शाळेतून सुट्टी घेतली आणि मग ती वाढवत वाढवत शाळाच सोडली. जूनमध्ये उजवा अंगठा काळा पडला आणि काढावा लागला. ऑगस्टमध्ये शेजारचं बोट गेलं. त्यानंतर जखम भरली. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला, आता जपा, एकसुद्धा फोड परवडणार नाही. नातेवाईक म्हणाले, मोठी हिमतीची बाई. हिंमत कसली? रडू येत नव्हतं एवढंच. मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून समोरच्या भिंतीवरच्या टाईल्स बघायचे. एकदा तिथून उठून चालायला लागले तर एक मावशी मागून ओरडली, "दीदी, चप्पल!" माझी एक चप्पल बाकाखालीच राहिली होती. मी एका पायात चप्पल घालून लिफ्टपर्यंत गेले होते. थकवा, दुसरं काय? मी परत जाऊन ती घातली.

एवढ्या दिवसांत लॉनकडे कोण बघणार? पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ आलं, कबुतरांनी ते स्वतःच्या नावावर करून घेतलं. मुलगी पुण्याहून आली, तिने दार उघडून बघितलं आणि परत लावलं. "आई, उखडून फेक ते. दुकानवाल्याला बोलाव, आजच्या आज. मला बघवत नाहीये."

"बघू," मी म्हटलं.

"बघू काय? त्याच्यामुळे बाबांचा पाय जात होता."

तिचं बरोबर होतं. तिला राग येत होता, ती रडत होती, तिचं सगळं जागेवर होतं. मी तिच्यासाठी पोळ्या करत होते. आणि आतून ह्यांचा आवाज आला, दुसऱ्या ऑपरेशननंतर घरी आल्यावरचं पहिलं सबंध वाक्य: "लॉनवर शेवाळ धरलं असेल, नाही?"

मुलीने हात जोडले आणि दोन दिवसांनी पुण्याला परत गेली. मी ब्रश काढला.

प्रेमाने काढला असं म्हणता येणार नाही. हे पलंगावरून खिडकीकडे बघत पडून असायचे आणि मला त्यांच्याकडे बघत बसायचं नव्हतं. ब्रश मारताना काही विचार करावा लागत नाही. खिडकीतून सूचना यायच्या. "पहिले पाणी मार, मग ब्रश. उलटा, उलटा मार. अगं, कोने में रह गया." मी कोपरा घासायची. शेवाळाला व्हिनेगर पुरलं नाही, साबणाचं कोमट पाणी लागलं, दोन-तीनदा. वाळू धुऊन गेली होती, ती नवी आणून पसरली आणि झाडूने आत बसवली. डिसेंबरच्या, जानेवारीच्या सकाळी नळीचं पाणी पायांवरून वाहायचं. शेजारीण गच्चीवर शाल लपेटून उभी असायची, म्हणायची, "भाभीजी, ठंड नहीं लगती आपको?" नव्हती लागत. मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं, थंडीचं वेगळं काय वाटणार? मी हसून नळी बंद करायची.

थंडी संपता संपता हे चालायला लागले. त्यांच्यासाठी खास बूट करून घेतले, पुढे दोन बोटांच्या जागी मऊ भरलेले. आणि पुन्हा तोच प्रश्न दारात उभा राहिला. बूट घालून लॉनवर? हे उंबऱ्यापाशी थबकले. मग आत वळून खुर्चीत बसले. शेवटी मीच तोडगा काढला. दुसरा एक जोड करून घेतला, फक्त लॉनचा. तो कधी रस्त्यावर जाणार नाही, त्याचे तळ मी रोज पुसून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराशी ठेवणार. ते ऐकून हे इतके खूश झाले की त्यांना उत्तर देतानासुद्धा मला कंटाळा आला. पण बूट झाले.

डॉक्टरांची आणखी दोन फर्मानं होती. एक, तापलेल्या जागेवर बूट घालूनही पाय ठेवायचा नाही. दुसरं, रोज संध्याकाळी तळवे बघायचे. ह्यांना वाकून दिसत नाही, म्हणून मी दाढीचा छोटा आरसा खाली धरायची आणि हे त्यात बघायचे. "हं. ठीक आहे. बोटांच्या मध्ये दाखव. ठीक." पहिल्या फर्मानाचं काम मी असं लावलं होतं: लॉनवर आधी मी जाणार, अनवाणी, चपला दाराशी काढून. चार पावलं टाकून बघणार. तापलेलं असेल तर पाणी मारणार, नसेल तर हाक मारणार. ह्यांचे पाय आता माझ्या पायांनी चालणार होते, म्हणजे तसं मी मुलीला फोनवर सांगितलं. ती पलीकडे हुंदके द्यायला लागली. मला आपलं वाटलं, चांगलं वाक्य जमलं.

सकाळची फेरी रोजची झाली. मी पुढे, चार पावलं, "गार आहे, या." मग हे लॉनचे बूट घालून हळूहळू, भिंतीला हात लावत. मार्चभर हे व्यवस्थित चाललं.

एप्रिल लागला. एका सकाळी उठायलाच उशीर झाला, मग नाश्ता, मग फोन, आणि लॉनवर जायला साडेदहा वाजले. ऊन चांगलंच वर आलं होतं. मी दाराशी चपला काढल्या, गेले, चार पावलं टाकली, उभी राहिले.

"तापलंय का?" हे दारातून म्हणाले.

"नाही. गार आहे, या."

हे आले. दोन-तीन पावलं चालले आणि थांबले. समोर लिंबाचं एक पिवळं पान पडलं होतं. ह्यांना पान पडलेलं चालतच नाही. एका हाताने भिंत धरून हे खाली वाकले, पान उचलायला बोटं टेकवली आणि हात झटकन मागे घेतला.

"अगं, चटका बसतोय."

"काहीतरीच," मी म्हटलं. मी तिथेच उभी होते, त्याच गवतावर, अनवाणी.

ह्यांनी परत हात लावून बघितला, ह्या वेळी उलटा, ताप बघतात तसा. मग माझ्या पायांकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. मी वाकले आणि मीही हात लावला. भाजलं. चांगलंच भाजलं. हाताला भाजत होतं आणि पायाला गार लागत होतं. गार पण नव्हतं लागत. काही लागतच नव्हतं.

"आत चल," हे म्हणाले.

"आधी तुम्ही बाजूला व्हा, मी पाणी मारते."

"आत चल म्हटलं ना!" ह्या आवाजात हे माझ्याशी सगळ्या संसारात बोलले नव्हते.

आत येऊन मी पलंगाच्या कडेवर बसले. हे भिंत धरत बाथरूमपर्यंत गेले आणि परत आले. लॉनचे बूट काढायचेही विसरले होते, फरशीवर तेच घालून फिरत होते. हातात दाढीचा आरसा होता. वेताचा मोढा ओढून माझ्यासमोर बसायला त्यांना खूप वेळ लागला.

"पाय वर कर."

"अहो, काही झालेलं नाही."

"वर कर. दाखव."

मी उजवा पाय वर केला आणि ह्यांनी खाली आरसा धरला. तो नीट धरेपर्यंत आधी नुसतं छत दिसलं, मग पंखा, मग माझी टाच. टाचेच्या पुढे एक फोड होता, सुपारीएवढा, आणि तो आजचा नव्हता. कडेने कातडी वाळून काळी झाली होती. केव्हाचा होता कोण जाणे. कित्येक महिने मी रोज हाच आरसा ह्यांच्या पायाखाली धरत आले होते.

मला भीती वाटली. वर्षभरात पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं.

"दुखतंय?" ह्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि ह्यांचा चेहरा बघायला लागले.